हया आणि हयात

आमच्या घरांमध्ये शरीराच्या काही भागांना नाव नसते. मूल बोलू लागले की आपण कौतुकाने विचारतो, नाक कुठे, कान कुठे, पोट कुठे. पण मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा सगळा मुलूख मुका होतो. तिथे काही दुखले-खुपले तर ‘यहाँ’, ‘इधर’, ‘अंदर’ एवढेच शब्द तिच्याजवळ उरतात. डॉक्टरांसमोरही आपण याच शब्दांत बोलतो आणि बोट दाखवायचे तर दुपट्ट्यावरूनच दाखवतो. याला आपण हया म्हणतो. ही हया खरोखर किती हया आहे आणि किती अडाणीपणा, याचा विचार करण्याची वेळ आमच्यावर एका गाठीने आणली.

आम्ही तालुक्याच्या गावात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. स्टाफरूममध्ये एका टेबलाभोवती बसणाऱ्या आम्ही पाच जणी. चौघी तिशीतल्या, लेकुरवाळ्या; पाचवी शिक्षणसेवक म्हणून नवीन लागलेली, अजून लग्न व्हायची. या लेखात आम्ही शेवटपर्यंत ‘आम्ही’च म्हणणार आहोत. दुखणे आमच्यापैकी दोघींचे होते. लेख लिहिणारी त्या दोघींपैकी आहे की नाही, हे कळून वाचकांचा काही फायदा नाही, आणि त्या दोघींना याच गावात राहायचे आहे.

पहिलीची गोष्ट दुसऱ्या बाळंतपणातली. जचगी सुखरूप झाली. तिसऱ्या दिवशी छातीत दूध भरले आणि त्याबरोबरच दोन्ही काखांत लिंबाएवढे गोळे वर आले. हात अंगाला टेकवता येईना, कूस बदलता येईना. सासूबाईंनी मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकली. खालाजानने मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला लावली. मालिश करणाऱ्या बाईने तर ‘दूध बगल में चढ गया, उतारना पडेगा’ म्हणून दोन दिवस जोर लावून चोळले. त्याने सूज आणि दुखणे दोन्ही वाढले.

नावेही ज्याची त्याची वेगळी. शेजारच्या मावशी म्हणाल्या, काखमांजर आहे, पिकून फुटेल. कुणी म्हणाले, अवधाण आले आहे. आमच्या घरांत म्हटले गेले, गिल्टी. काखमांजर म्हणजे काखेतला फोड. अवधाण म्हणजे कुठे तरी जखम झाली की तिच्यापायी जांघेत किंवा काखेत येणारी सूज. आणि गिल्टी म्हटले की आमच्या मोहल्ल्यात पहिला विचार टीबीचा येतो. तिन्ही शब्द जुने, अनुभवातून आलेले. पण या वेळी तिन्हींपैकी एकही लागू नव्हता.

गावातल्या एका दवाखान्यात तिला नेले. डॉक्टरांनी टेबलापलीकडून विचारले, तिने बुरख्याआडून सांगितले आणि हात न लावता पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या खेपेला गोळ्यांचा रंग बदलला. तिसऱ्या खेपेला ‘टीबीची असू शकते, कोर्स करून बघू’ असे ऐकायला मिळाले. कोणतीही तपासणी न करता सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करायला तिचे मन धजेना, म्हणून ती चिठ्ठी तिने पर्समध्येच ठेवली. महिना-दीड महिन्यात गोळे उतरले, पण पुरते गेले नाहीत. पुढे पाळी सुरू झाली, तेव्हा दर महिन्याला पाळीच्या आधी पाच-सहा दिवस ते पुन्हा भरून यायचे, ठणकायचे, आणि पाळी आली की ओसरायचे.

मग ज्याचे नाव कुणी घेत नाही, ते तिच्या मनात शिरले. कॅन्सरला उर्दूत सरतान म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा. मराठीतला कर्करोग खेकड्याचाच आणि इंग्रजी शब्दामागचा लॅटिन कॅन्सरही खेकडाच. वर्गात आम्ही ही गोष्ट मुलांना गंमत म्हणून सांगतो. पण धाकट्याला दूध पाजताना ती हिशोब करत असे, की हा पहिलीत जाईल तेव्हा आपण असू का. हे तिने आम्हाला सांगितले तेही मधल्या सुट्टीत, डबा उघडून समोर ठेवलेला असताना, अगदी सहज बोलल्यासारखे.

आमच्यापैकी दोघींनी किरकोळ रजा टाकली आणि तिला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी पडदा ओढला, सोबत नर्सला उभे केले आणि मगच तपासले. त्यांनी विचारलेले प्रश्न आम्हाला अजून पाठ आहेत. गोळा एका बाजूला की दोन्ही? पहिल्यांदा केव्हा जाणवला, वयात येताना की गरोदरपणात? पाळीच्या आधी वाढतो का, नंतर कमी होतो का? त्यावर बोंडासारखे काही किंवा बारीक छिद्र आहे का, त्यातून दूध येते का? ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे असे काही? घरात कुणाला छातीचा कॅन्सर? पाचेक मिनिटांत त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, ही गिल्टी नाही. ही छातीच आहे. जागा सोडून राहिलेली.’’

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्यातल्या विज्ञान शिकवणारीने पुढे पुस्तके चाळून, त्याच बाईंना पुन्हा विचारून जे समजावून घेतले, ते असे.

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना काखेपासून जांघेपर्यंत एक उंचवट्याची रेघ तयार होते. तिला दुधाची रेघ म्हणतात. सगळ्या सस्तन प्राण्यांत ती असते. पुढे तिचा कोणता भाग टिकणार आणि कोणता विरणार, हे प्राण्याप्रमाणे ठरते. बकरीत मागचा भाग टिकतो, म्हणून तिची कास जांघेत असते. कुत्री-मांजरीत बराचसा भाग टिकतो, म्हणून त्यांच्या पोटावर दोन रांगा दिसतात. माणसात छातीवरचा तेवढा भाग राहतो आणि बाकीची रेघ जन्माआधीच विरून जाते. काही जणींत ती पूर्ण विरत नाही. एखादा तुकडा मागे राहतो, आणि बहुतेक वेळा तो काखेत राहतो. यालाच डॉक्टर ॲक्सेसरी ब्रेस्ट म्हणतात. आमच्या उर्दूत सांगायचे तर जायद, म्हणजे जास्तीचे.

ही काही लाखात एखादीची गोष्ट नव्हे. वैद्यकाच्या पुस्तकांत साधारणपणे २ ते ६ टक्के स्त्रियांचा आकडा दिलेला असतो. पन्नास मुलींच्या वर्गात एखाद-दुसरी असायचीच. पुरुषांतही हे आढळते. फिनलंडचे शरीरशास्त्रज्ञ कायावा यांनी १९१५ साली याचे आठ प्रकार पाडले. ते अजून वापरले जातात. कुणाला बोंडासह पूर्ण छोटी छाती असते, कुणाला नुसतेच बोंड, तर कुणाला कातडीखाली केवळ ग्रंथींचा गोळा. नुसते बोंड असलेली माणसे ते तीळ किंवा मस समजून सगळे आयुष्य काढतात. युरोपात चेटकिणींवर खटले चालत, त्या काळात अशी खूण बाईच्या अंगावर सापडली तर ती सैतानाची समजली जाई. आमच्या सासूबाईंनी उतरवलेली नजर त्या मानाने फारच सौम्य म्हणायची.

हा तुकडा लहानपणी झोपलेला असतो. मुलगी वयात येताना, पाळीच्या आधी, गरोदरपणी आणि दूध उतरताना अंगातले जे हार्मोन छातीला जागे करतात, तेच यालाही जागे करतात. म्हणून तो बाळंतपणात एकदम फुगतो आणि ‘काल नव्हता, आज कुठून आला’ असे वाटते. वास्तविक तो जन्मापासून तिथेच असतो.

आता निदानाचे. काखेतली प्रत्येक गाठ ही ॲक्सेसरी ब्रेस्ट नसते, हे इथे ठळकपणे सांगायला हवे. चरबीची गाठ असू शकते. घामाच्या आणि केसांच्या मुळांशी होणारे, वारंवार पिकणारे फोड असू शकतात. लसिकाग्रंथी सुजलेल्या असू शकतात, साध्या जंतूंनी, टीबीने किंवा कॅन्सरने. शिवाय नेहमीच्या छातीचीच एक शेपटी काखेकडे गेलेली असते. तिला स्कॉटलंडच्या जेम्स स्पेन्स या सर्जनचे नाव आहे. ती जास्तीची नव्हे, ती सगळ्यांनाच असते. यातले काय आहे, हे बुरख्यावरून कळणे शक्य नाही. हाताने तपासावे लागते आणि मग सोनोग्राफी करावी लागते. सोनोग्राफीत लसिकाग्रंथी वेगळी दिसते, चरबी वेगळी दिसते आणि छातीची ऊती छातीसारखीच दिसते. चाळिशीपुढच्या स्त्रीला मॅमोग्राफीही सांगतात. शंका राहिली तर बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सुई टोचल्याने गाठ चिघळते आणि कॅन्सर पसरतो, असे आमच्या मोहल्ल्यात सर्रास बोलले जाते. या भीतीपोटी ही तपासणी टाळू नये.

आमच्या पहिलीची सोनोग्राफी झाली, एका बाजूला सुईही झाली. रिपोर्ट साधा आला. त्यावर उपचार काय, तर काहीच नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, ‘‘त्रास सोसण्यासारखा असेल तर राहू दे. वर्षाकाठी दाखवत जा. नवीन टणक गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंडासारखा भाग असेल त्यातून रक्त किंवा पाणी आले, किंवा पाळीनंतरही गोळा कमी झाला नाही, तर मात्र वाट बघू नका.’’ बाळंतपणात फुगल्यावर काय करायचे, तेही त्यांनी सांगितले. बाळाला नेहमीप्रमाणे पाजत राहायचे, काखेत गार पाण्याची घडी ठेवायची, दुखले तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यायची, आणि गोळा दाबायचा, चोळायचा, पिळायचा नाही. त्यातले दूध बाहेर पडायला बहुतेक वेळा वाट नसते, चोळल्याने उलट जास्त दूध तयार होते. हात लावला नाही की ते आपोआप आटते. ताप आला, जागा लाल होऊन तापली तर मात्र लगेच दाखवायचे. एवढे साधे ज्ञान मोहल्ल्यात असते, तर मालिशवालीचे दोन दिवस वाचले असते.

दुसरीची गोष्ट वेगळी निघाली. पहिलीचे सगळे कानावर पडल्यावर आमच्यातली सर्वांत लहान एक दिवस हळूच म्हणाली, ‘‘आपा, मुझे भी है.’’ वयात आल्यापासून तिच्या उजव्या काखेत गोळा होता. ती ढगळ बाह्यांचे कुर्ते शिवून घ्यायची, ते आम्हाला फॅशन वाटायचे. आमचे काम फळ्याचे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहायची, हात वर धरून. दोन तास झाले की तिचा हात भरून येई आणि ती मुलींना फळ्यावर लिहायला उठवी. तिचीही तपासणी झाली. ऊती साधीच होती, पण गोळा मोठा आणि रोजच्या कामाच्या आड येणारा. अशा वेळी शस्त्रक्रिया करतात.

शस्त्रक्रियेबद्दलही पूर्ण सांगायला हवे, कारण अर्धवट माहितीने भीती वाढते. भूल देऊन काखेच्या घडीत छेद घेतात आणि गोळा काढतात. काही ठिकाणी चरबी जास्त असेल तर नळीने ओढूनही काढतात, पण ग्रंथी घट्ट असतील तर त्या कापूनच काढाव्या लागतात. आत पाणी साठू नये म्हणून काही दिवस बारीक नळी ठेवतात. तरी पाणी साठू शकते, व्रण जाड होऊ शकतो, दंडाच्या आतल्या बाजूला काही काळ किंवा कायम बधिरपणा राहू शकतो, खांदा आखडू शकतो, आणि थोडा भाग मागे राहिला तर गोळा पुन्हा येऊ शकतो. म्हणूनच केवळ दिसते म्हणून घाईने कापून घ्यायची ही गोष्ट नव्हे, आणि गरज असताना टाळायचीही नव्हे. काढलेला भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवतातच. पाठवला की नाही, हे आपण विचारावे. आमच्या लहानीचा रिपोर्ट निर्धोक आला. हात वर नेण्याचा व्यायाम ती स्टाफरूमच्या भिंतीवर बोटे चढवून करायची, आणि आम्ही खडूने रोजची खूण करायचो. आज कुठवर, काल कुठवर.

तिच्या अम्मीची चिंता शस्त्रक्रियेची नव्हती, रिश्त्याची होती. ‘‘बगल में निशान रहेगा. लडके वालों को क्या बोलेंगे?’’ यावर आमच्या टेबलावर पंधरा दिवस वाद चालला. एकीचे म्हणणे, न सांगता निकाह झाला तर पुढे टोमणा आयुष्यभराचा. दुसरीचे म्हणणे, अपेंडिक्स काढले तर कोण सांगायला जातो? तिसरी म्हणाली, मुलाच्या अंगावर जास्तीचे बोंड असते, त्याची आई कुठे सांगते? शेवटी लहानीनेच निकाल दिला. ती म्हणाली, विचारले तर लपवणार नाही, पण ऐब म्हणून सांगायलाही जाणार नाही, कारण हा ऐब नाही. अम्मी गप्प झाल्या. पटले म्हणून की थकल्या म्हणून, ते आम्हाला ठाऊक नाही. रिश्ता अजून ठरायचा आहे.

आता त्या खेकड्याविषयी. जी ऊती छातीची, तिला छातीचे सगळे आजार होऊ शकतात. साध्या गाठी, पू होणे आणि क्वचित कॅन्सरही. या जास्तीच्या ऊतीतला कॅन्सर विरळा आहे. स्तनाच्या एकूण कॅन्सरमध्ये त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी सांगतात. धोका असतो तो उशिराचा. काखेत आहे म्हणून छातीचे कुणी मनात आणत नाही आणि दाखवायला वेळ लागतो. खुद्द छातीच्या कॅन्सरचे प्रमाण मात्र विरळ मुळीच नाही. भारतीय स्त्रियांत आज तोच सर्वांत जास्त आढळतो. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाल्याचा जागतिक संस्थेचा अंदाज आहे.

यावर हाताचा स्पर्श किती काम करतो, याचा दाखला आपल्या मुंबईतलाच आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांना घेऊन २० वर्षे अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांची छाती केवळ हाताने तपासत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या वस्त्यांत रोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. यंत्र नव्हे, शिकलेला हात. आता सरकारच्या कार्यक्रमातही ३० वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी गावच्या आरोग्य केंद्रात होते. आमच्या मोहल्ल्यातल्या किती जणी तिथे जातात, हे आशाताईंना विचारून पाहावे.

जात नाहीत, कारण हया. म्हणून थोडे दीनविषयी. आम्ही आलिमा नाही; पण जे प्रत्येक मुसलमान घरात शिकवले जाते, तेवढे आम्हालाही येते. पाळी संपली की गुस्ल फर्ज आहे, आणि पाणी अंगाच्या प्रत्येक भागाला, बगलेलाही, पोहोचले पाहिजे. बगलेचे केस काढणे ही फितरतमधली गोष्ट आहे आणि त्याला चाळीस दिवसांहून अधिक उशीर करू नये, हेही लहानपणीच सांगितले जाते. म्हणजे आपल्याच हाताने आपली काख बघण्याची, चाचपण्याची वेळ दीनने आधीच ठरवून दिलेली आहे. आणि डॉक्टर काय सांगतात? छाती आणि काख बघायची उत्तम वेळ पाळी संपल्यानंतरची, कारण तेव्हा सूज आणि दुखरेपणा सर्वांत कमी असतो. ही तर नेमकी गुस्लची वेळ! दर महिन्याला आपण त्या जागी पाणी घालतो, फक्त लक्ष घालत नाही.

इलाज करा, प्रत्येक आजारावर अल्लाहने दवा ठेवली आहे, ही रसूलुल्लाहची शिकवण आमच्या मुलांनाही पाठ असते. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदांचे नाव आपण अभिमानाने घेतो. उपचारासाठी गरजेपुरते अंग दाखवायला उलेमांनी सवलत दिली आहे. शक्य तर स्त्री डॉक्टर, नाही तर सोबत कुणी असावे. मग अडते कुठे? हया आणि हयात हे दोन्ही शब्द अरबीत एकाच धातूपासून आले आहेत. जी हया हयातीवरच उठते, तिला दुसरे काही तरी नाव शोधले पाहिजे.

आम्ही एवढेच केले, की नववीच्या मुलींचा एक तास वेगळा घेतला आणि फळ्यावर शब्द लिहिले. पिस्तान, बगल, गुदूद, सरतान. खाली मराठीत स्तन, काख, ग्रंथी, कर्करोग. सरकारी दवाखान्यात मराठीतच बोलावे लागते, म्हणून दोन्ही. पहिल्या दिवशी मुली तोंडावर दुपट्टा धरून हसल्या, तिसऱ्या दिवशी वहीत उतरवून घेऊ लागल्या. एका वडिलांनी शाळेत येऊन विचारले, ‘‘उर्दू स्कूल में ये सब?’’ हेडमास्तर साहेबांनी त्यांना बसवून चहा दिला आणि विज्ञानाचे पुस्तक पुढे ठेवले. ते पुस्तक न उघडताच गेले, पण मुलीला शाळेतून काढले नाही.

आमच्या पहिलीला मोठी मुलगी आहे, नऊ वर्षांची. काही घराण्यांत ही गोष्ट आईकडून मुलीकडेही जाते, असे डॉक्टर बाईंनी सांगितले होते. म्हणून तिने मुलीला आत्ताच, केस विंचरता विंचरता, सांगून ठेवले आहे. वयात येताना काखेत काही लागले तर घाबरू नको, लपवू नको, मला सांग. मुलीने विचारले, ‘‘अम्मी, उसको क्या बोलते?’’ आणि या वेळी आईजवळ तिला द्यायला शब्द होता.